गडग्यापलीकडची पंगत

आई गेल्याला पावसाळा उलटला. भेटायला अजूनही कोणी ना कोणी येतं. माणसं पडवीत बसतात, पाणी घेतात, आणि थोड्या वेळानं तिच्या हातच्या चवीबद्दल बोलू लागतात. तिरफळं घातलेली बांगड्याची कढी तिच्यासारखी कोणाला जमली नाही, म्हणतात. मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना वाटतं, दुःखानं. दुःख आहेच. पण बोलणं तिथं आलं की मला लाज वाटू लागते, आणि ती कसली हे येणाऱ्याला सांगता येत नाही. आमच्या घरानं एकदा तोच हात घराबाहेर ठेवला होता. ते लिहावं म्हणून बसतो आणि चार-सहा ओळींवर उठतो. कोणाचं नाव घालणार नाही. तिला एवढा तरी आडोसा हवा असता.

पन्नास सालानंतरच्या दिवसांत आमच्या भागात बुद्धिबळाची एक बैठक भरत असे. तिला कार्यालय नव्हतं, अध्यक्ष नव्हता. खारेपाटणचे एक वैद्य, कट्टा गावचे एक कापडदुकानदार, कुडाळ बाजूचे बागायतदार, दोन-तीन शाळामास्तर आणि किनाऱ्यावरून एकटे माझे वडील, अशी वीसेक माणसं माघात, भात घरात आलेलं आणि आंबा अजून उतरायचा असा मधला काळ बघून, कोणा एकाच्या घरी शनिवार-रविवार जमत. ज्याच्या घरी बैठक तो यजमान. त्यानं सगळ्यांना उतरवून घ्यायचं आणि जेवू घालायचं. निघताना सर्वांतर्फे त्याच्या हाती नारळ द्यायचा आणि पुढची बैठक कुठे ते तिथंच ठरवायचं. खेळ आपला जुना, देशी रीतीचा. कापडी पट, लाकडी मोहरी, आणि भोवती बसलेल्यांनी खेळणाऱ्यापेक्षा जास्त बोलायचं.

वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. वारा पडला की कुठल्यातरी बंदरात पडून राहावं लागे, तिथं ते खेळ शिकले. गुडघा कामातून गेल्यावर त्यांनी समुद्र सोडला आणि घरी माड-पोफळी बघू लागले. लोक मात्र त्यांना शेवटपर्यंत तांडेलच म्हणत. मी तेव्हा नुकता प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. माझा खेळ बेताचा. पुस्तक मिळालं तर पट गुंडाळून ठेवणारा मी. पण वडिलांना एसटीच्या प्रवासात सोबत हवी असे, म्हणून मी जाई.

मी पहिल्यांदा गेलो ती बैठक खारेपाटणला वैद्यांकडे होती. पहाटेची भरती धरून आम्ही तरीनं, म्हणजे होडीनं, खाडी ओलांडली, मालवणहून गाडी पकडली. कट्ट्याला कापडवाले शेट चढले. आदल्या दिवशीच निरोप धाडल्यासारखी त्यांना जागा ठेवली होती आमच्या समोर. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून पट काढला आणि कोणाच्यातरी ट्रंकेवर पसरला.

"एसटयेत खेळतलात?" वडील म्हणाले.

"कणकवलीपर्यंत एक डाव होता. काडा मोहरी."

गाडी वळणावर झुकली की हत्ती-घोडे घरंगळत. शेजारच्या बाकावर एक बाई पाटीत कोंबडी घेऊन बसली होती. एकदा शेटांचा घोडा तिच्या पाटीत गेला आणि त्यांनी हात घातल्यावर कोंबडीनं चोच मारली.

"घोडो माझो आसा, बाये," शेट म्हणाले.

"मगे कोंबडयेक सांगा," ती म्हणाली.

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता उभ्या उभ्या डाव बघत होता. त्यानं वडिलांना वजीर मागे घ्यायला सांगितलं आणि वडिलांनी घेतला. शेट त्याला म्हणाले, "तू तिकिटां फाड रे, मेल्या. माझो गळो कापू नको." हरायला लागल्यावर त्यांनी विषय बदलला. "तांडेल, तुमच्या दर्याकडे बैठक कधी? वैद्याकडची वालीची भाजी खावन माझ्या पोटात आता वेल इलेलो आसा." वडील हसले. शेट थट्टेखोर, त्यांचं बोलणं कोणी मनावर घेत नसे. ते एक वाक्य तेवढं घ्यायला हवं होतं.

वैद्यबुवांच्या घरी ओटीवर पट मांडले होते. वैद्यबुवा म्हणजे गोरे, किडकिडीत, अत्यंत सौजन्याचे गृहस्थ. वडिलांशी खेळायला ते वर्षभर थांबलेले असत. दोघं समोरासमोर मांडी घालून बसले तेव्हा गुडघ्याला गुडघा लागत होता. देशी खेळात प्याद्यानं मात करणं हा मोठा मान, आणि त्या दुपारी वडिलांनी तीच केली. वैद्यबुवांनी पट नीट पाहिला आणि वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला.

"वा, तांडेल. प्याद्यानं मारलंत. असा हरायला मिळालो हे माझं भाग्य."

मग तो हात धरूनच त्यांनी ओटीवरच्या सगळ्यांना डाव कसा गेला ते सांगितलं. मला त्यांचा अभिमान वाटत होता.

आतून पानं मांडल्याची वर्दी आली. वैद्यबुवा विहिरीवर गेले, आंघोळ करून, सोवळं नेसून आत गेले. त्यांच्या ज्ञातीचे दोघे-तिघे त्यांच्यामागून माजघरात गेले. शेट, बागायतदार आणि बाकीची मंडळी ओटीवर बसली. आमची पानं ओटीची पायरी उतरून पडवीत होती. दोनच पानं. अन्न तेच, वाढणारा तोच, आग्रहही तसाच होता. वैद्यबुवांनी आतून दोनदा विचारलं, "तांडेलांना भात हवा का बघा रे."

जेवण झाल्यावर ओटीवरची मंडळी हात धुवायला उठली, पानं तिथंच ठेवून. वडिलांनी आपलं पान दुमडलं, उचललं आणि परसात नेऊन टाकलं. तसं करा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. मीही माझं उचललं आणि त्यांच्यामागून गेलो. केळीपाशी उभा राहिलो तेव्हा माझे कान तापले होते. मी इतकं वाचलेलं होतं, माणूस माणसाला कसा सारखा हे मुलांना शिकवत होतो, आणि खरकटं पान हातात घेऊन टाकायची जागा शोधत होतो.

"तेंची रीत आसा ती," वडील म्हणाले. मी काही बोललो नव्हतो. "माणूस वायट नाय."

पण त्यांच्या मनात काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. नारळ देऊन झाला, पुढची बैठक कुठे असा प्रश्न निघाला, आणि वडील उभे राहिले. वैद्यबुवांसमोर ते मालवणी बोलत नसत. शाळेत वाचून दाखवावं तसं जपून बोलत.

"पुढच्या साली आमच्याकडे यावं, अशी इच्छा आहे."

वडील थांबले आणि मग भरभर म्हणाले, "आचारी ब्राह्मण आणीन. भांडी नवी घेईन. विहीर आमची स्वतःची आहे, तिथं दुसरं कोणी पाणी भरत नाही. सगळ्यांची एकच पंगत करीन."

हे काहीच कोणी विचारलं नव्हतं. वैद्यबुवा म्हणाले, "अहो तांडेल, तसं काही नाही..." आणि तिथंच अडखळले, कारण तसं होतं. मग त्यांनी चटकन मान हलवली. "येऊ. अवश्य येऊ."

परतीच्या गाडीत वडील खिडकीशी बसून स्वतःशी हसत होते. त्यांच्या घरात, त्यांनी वाढलेल्या एकाच पंगतीत ही सगळी माणसं जेवायची, एवढंच त्यांना हवं होतं. डाव जिंकण्यापेक्षा ते मोठं होतं. मला ते समजत होतं, आणि त्यांनी ते असं मागितलं याची लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

ते वर्ष घरात बैठकीचंच गेलं. भिंतींना चुना झाला. माघ लागला तसं घरापुढचं खळं सारवून त्यावर झावळ्यांचा मांडव घातला. मग वडिलांचं लक्ष माळ्याकडे गेलं. तिथं पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुका जवळा, खारवलेल्या माशांच्या बरण्या होत्या. ते सगळं पाटीत भरून शेजारच्या काकीकडे गेलं. आमच्या आणि तिच्या घरामध्ये एक कमरेएवढा दगडी गडगा, बस. काकी विधवा, मुलगे मुंबईला, घर मोठं आणि मोकळं. आठ दिवस आमच्या चुलीवर मासा चढला नाही. वडील संध्याकाळी घरातून बाहेर जाऊन पुन्हा आत येत आणि नाकानं अंदाज घेत.

आई हे सगळं गमतीनं बघत होती. शेवटची बरणी गेली तेव्हा ती म्हणाली, "सुक्या बांगड्यांक धाडल्यात, गोलम्याक धाडल्यात. आता माका खंय धाडतलात?"

वडील हसले नाहीत. "आचारी चुलीकडे दुसऱ्या कोणाक येवक देणा नाय, म्हणता. दोन दिवसांचो प्रश्न. काकीकडे ऱ्हव."

आईनं हातातली पाटी खाली ठेवली. "म्हणजे खराच धाडतात."

मी म्हणालो, "आये पडवेत ऱ्हवात. चुलीकडे जावची नाय."

"लुगड्याक वास येता, रे," वडील म्हणाले. हळू म्हणाले, पण ती तिथंच उभी होती.

तिनं दोन लुगडी आणि आपली विळी घेतली. विळी तिला दुसऱ्याची चालत नसे. गडग्याला वळसा घालून ती गेली. जाताना मला म्हणाली, "तुळशीक पाणी घालूक इसरा नको."

शनिवारी सकाळी मंडळी तरीनं आली. वडील धोतर वर खोचून पाण्यात उतरले होते आणि प्रत्येकाला हात देऊन होडीतून उतरवून घेत होते. शेट वहाणा डोक्यावर धरून आले. वैद्यबुवांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून वाळूत पाय टेकला आणि समुद्राकडे बघून म्हणाले, "हे रोज बघता तुम्ही, म्हणून तुमचा खेळ असा मोकळा."

मांडवात पट मांडले. शहाळी उतरवायला गडी लावले होते; कोणी मागितलं की समोर शहाळं येई. दुपारी पंगत बसली, खळ्यात, एकच. वैद्यबुवाही बसले. कोणाचं पान पायरी उतरून नव्हतं. बटाट्याची भाजी, वालीची आमटी, सांजा, ताक. वडील स्वतः जेवायला बसले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यानं पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत "सावकाश होऊ दे" म्हणत राहिले. इतके सुखी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. गडग्याच्या पलीकडे आईचं लुगडं वाळत होतं. माझी नजर तिकडे गेली की मी ती काढून घेत होतो.

शेटांनी पानातल्या बटाट्याकडे पाहिलं. "तांडेल, हयसून दर्या किती लांब?"

"हो काय, माडांच्या पलीकडे."

"नाय, म्हटला सुकलो की काय."

बागायतदारांपैकी दोघे ठसका लागल्यासारखे हसले. वडिलांनी ती गंमत म्हणून घेतली. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षभर एकटे वैद्यबुवा होते. बाकीची बहुतेक माणसं आमच्यासारखीच मासे खाणारी आहेत, आणि खाडी ओलांडून किनाऱ्यावर येताना ती मनात काय धरून आली असतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

रविवारी सकाळी काकीच्या दारात कोणीतरी बांगड्यांची पाटी आणून दिली. शहाळी काढणारे गडी तिच्याकडे जेवणार होते, त्यांच्यासाठी आईनं ते शिजवले. हे मला मागाहून कळलं. मला आधी कळला तो वास. मी एका मास्तरांशी खेळत होतो. शेट शेजारी डाव बघत होते. ते मध्येच ताठ बसले.

"मास्तरांनू, वारो खंयसून येता?"

"खाडयेकडसून," मी म्हणालो.

"नाय. खाडयेक तिरफळांचो वास येणा नाय."

ते उठले आणि हात धुवायच्या निमित्तानं गडग्यापाशी गेले. पलीकडे काकी भांडी घासत होती. तिचा आवाज मांडवापर्यंत येई.

"काय बघतंस रे, पावण्या? जेवलंस?"

"खंय जेवतंय. पंगत अजून बसाची आसा."

"मगे गडगो चढून ये."

पन्नाशीचा माणूस, पण धोतर सावरून तो गडगा चढला. थोड्या वेळानं एक बागायतदार त्याला हुडकायला गेला, तो आला नाही. मग आणखी दोघे गेले. पट अर्धे टाकून माणसं एकेक करून उठत होती, आणि वडील चुलीपाशी आचाऱ्याशी पानांचा हिशोब बोलत होते.

पंगत मांडली तेव्हा खळ्यात वैद्यबुवा, मास्तर आणि आणखी काही मोजके होते. मध्येमध्ये रिकामी पानं, मीठ वाढलेली. वडील पंगतीच्या डोक्याशी उभे राहिले. "बघ रे," मला म्हणाले, "खंय ऱ्हवली बाकीची."

मी गडग्याला वळसा घालून गेलो. काकीच्या ओटीवर दाटीवाटीनं पंगत बसली होती. आई वाढत होती. डोक्यावरून पदर, चेहरा चुलीनं लाल झालेला. तिला मी इतक्या हलक्या पायांनी, इतकं भरभर चालताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. यातल्या कोणीही तिला आधी बघितलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती काकीच्या घरची कोणी होती.

"वैनीनू, कढी वाढा," शेट म्हणत होते. "आणि एक काम करा. तांडेलाच्या घरकारणीक जरा शिकवा. बिचाऱ्याच्या घरात नुसते बटाटे शिजतत."

काकीनं तोंडाला पदर लावला. आई कढी वाढता वाढता म्हणाली, "शिकयलंय मी तिका. घोव आयकणा नाय तिचो."

सगळे हसले. आईही हसली. तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि कोणाला दिसणार नाही इतकी मान हलवली. बोलू नको.

"मास्तरांनू, बसा," शेटांनी हाक मारली. "बापाशीक मातर सांगा नको."

मी परतलो. वडिलांना म्हणालो, "काकीकडे जेवतत."

"कोण वाढता?"

"आये."

वडिलांनी मान डोलावली. रिकाम्या पानांपाशी गेले, मीठ झटकून एकेक पान उचललं आणि एकावर एक ठेवलं. वैद्यबुवा भात कालवता कालवता ते बघत होते.

उन्हं उतरल्यावर सगळे मांडवात जमले. ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं. शेटांनी नारळ वडिलांच्या हाती दिला. पोट भरलेलं, मन खूश. त्यांनी भाषण केलं.

"माझा मत असा की पुढल्या वर्षाय बैठक हयसरच. पण एक अट. निजाक तांडेलाकडे, जेवक गडग्यापलीकडे."

मांडव हसला. वैद्यबुवांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज, यजमानाची चौकशी करावी तसं विचारलं, "गडग्यापलीकडे कोण राहतं, तांडेल?"

वडील नारळाची शेंडी कुरवाळत उभे होते. काकीचं नाव सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. ते बोलले तेव्हा मालवणीत बोलले, वैद्यबुवांच्या तोंडाकडे बघत.

"थंय एक काकी ऱ्हवता. आणि ज्या बायेन तुमच्या माणसांक वाढल्यान, ती माझी घरकारीण. माझ्या घराक माशांचो वास येता, तुमका चलाचा नाय, म्हणान मीच तिका थंय धाडलंय."

हसू शेटांच्या तोंडावर तसंच राहिलं. त्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कोणी पटावरची मोहरी डबीत भरू लागलं. वैद्यबुवांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"तांडेल, मी असं कधी म्हटलं नव्हतं."

"नाय," वडील म्हणाले. "तुमी म्हटल्यात नाय."

ते खरंच होतं. त्या खरेपणात कोणालाच उभं राहायला जागा नव्हती. पुढची बैठक कुठे, हे कोणी काढलं नाही. पाणी उतरेल, होडी चुकेल, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे एकदम उठले. गडग्याजवळून जाताना प्रत्येक जण वाटेकडे बघत चालला. शेट मात्र थांबले. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, बोलायला तोंड उघडलं. पण आईनं मांडवातलं सगळं ऐकलं होतं. काकीचं दार आतून लागलेलं होतं.

आचारी गेल्यावर ती घरी आली. विळी जागेवर ठेवली, चूल झाडली, तिच्यावर नव्यानं शेणाचा हात फिरवला. दिवेलागणीला वडील पाटावर बसले. तिनं त्यांच्यासमोर दुपारची थंड बटाट्याची भाजी आणि भात ठेवला.

"निस्त्याक आसा?" वडिलांनी माशाच्या कालवणाचं विचारलं.

"ता पावण्यांनी संपयला."

ते जेवू लागले. मला वाटलं होतं, ती खूश असेल. सगळ्यांसमोर त्यांनी आपली चूक पदरात घेतली होती. मी तसं काहीतरी पुस्तकी बोललोही. तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"घरातला घरात ठेवक काय झाला होता?" ती वडिलांना म्हणाली.

"खोटा किती येळ..."

"खोटा खंय होता? मी वाढी होतंय, ते जेवी होते. मी कोण ता त्यांका म्हायत नव्हता, म्हणान बरा होता. ते निस्त्याकाक नावाजी होते, माका नाय. आता घराक जावन सांगतले, तांडेलान बायलेक वासासाठी घराभायर घातल्यान. बिचारी म्हणतले माका." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमका तुमचो भार हलको करूचो होतो. केल्यात. तो खंय ठेवल्यात ता बघल्यात नाय."

आम्ही आमच्या लाजेचाच विचार केला होता, तिचं त्यात काय होईल हे दोघांनाही सुचलं नव्हतं. तिला घरातून धाडलं तेव्हा तिला वाईट वाटलं असेल, पण ती ते गडग्यापलीकडे जाऊन विसरली होती. परक्या माणसांनी केवळ चवीसाठी पान पुढे केलं, हे सुख तिला दुपारभर मिळालं. संध्याकाळी आम्हीच ते काढून घेतलं, आणि तेही खरं बोलून.

पुढच्या माघात बैठक वैद्यबुवांकडे असल्याचा निरोप कट्ट्याहून गाडीच्या कंडक्टरबरोबर आला. वडील जायला तयार नव्हते. आईनंच त्यांची पिशवी भरली. "जावा. पण माझो विषय काडू नकात. कोणी काडलो तरी नकात."

कट्ट्याला शेट चढले. आमच्या समोरची जागा रिकामी होती तरी ते पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. कणकवली जवळ आली तेव्हा उठून आले, दांड्याला धरून उभे राहिले.

"घरात सगळी बरी?"

"बरी," वडील म्हणाले.

शेट दांडा सोडून पुन्हा पुढे गेले. पट कोणी काढला नाही.

खारेपाटणला डाव झाले. बोलणी, टोमणे, सगळं झालं. आमच्या पटाभोवती मात्र थोडं कमी. दुपारी वर्दी आली. वडील सवयीनं पायरी उतरू लागले, तेव्हा वैद्यबुवांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. पडवीत पानं नव्हतीच. ओटीवर एकच लांब पंगत मांडली होती, माजघर रिकामं होतं. वैद्यबुवा स्वतः ओटीवर बसले आणि शेजारच्या पानावर त्यांनी वडिलांना बसवलं. मला पलीकडे. वाढणारा आला, गेला. इतकी शांत पंगत मी पुन्हा पाहिली नाही.

वडिलांना जे हवं होतं ते त्यांच्या पुढ्यात होतं. ते खाली बघून जेवत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ही जागा आपल्याला कशानं मिळाली ते त्यांना ठाऊक होतं, पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि जिच्यामुळे मिळाली ती आमच्या परसात माडांना पाणी घालत असेल. जेवण आटोपल्यावर त्यांनी पान उचलायला हात घातला. वैद्यबुवांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, तांडेल."

वडिलांचा हात पानावर तसाच राहिला. उचलताही येईना, सोडताही येईना. मग त्यांनी तो सोडला.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आईनं पाय धुवायला पाणी दिलं. प्रवास कसा झाला, गाडी वेळेवर होती का, असं विचारत राहिली. मग म्हणाली, "जेवान बरा होता?"

"होता."

"खंय बसवल्यानी?"

वडिलांनी पायावर पाणी ओतलं. मी पिशवीतले कपडे काढत होतो.

"पडवेत," ते म्हणाले. "दर वर्षासारखे."

आईनं रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला. "मगे इतक्या लांब जातात कित्याक तुमी?"

"खेळूक," वडील म्हणाले.